वायसरभाऊंचं मुकं कारंजं

वायसरभाऊंना खरं नाव आहे, पण ते आता विजेच्या बिलापुरतंच उरलंय. सगळी गल्ली त्यांना वायसरभाऊ म्हणते, कारण दुसऱ्यांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, तसे यांच्या खिशात नळाचे रबरी वायसर असतात. पायजमा बदलला तरी वायसर नव्या कपड्यात जातात. कुठला नळ कधी गळायला लागेल याचा काय नेम, असं त्यांचं म्हणणं.

माणूस कुणाच्या घरी पाहुणा गेला की आधी भिंतीवरचे फोटो बघतो, नाहीतर पंख्याखालची खुर्ची हेरतो. वायसरभाऊ उंबऱ्यातच मान वाकडी करून ऐकतात. आत कुठे थेंब पडत असेल तर गप्पा, चहा, सगळ्यावरचं त्यांचं लक्ष उडालंच म्हणून समजा. लग्नाआधी ते वहिनींच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा बाकीचे नीटनेटके बसून एकमेकांकडे बघत होते आणि हे गृहस्थ न्हाणीघरात पालथे पडलेले. सासरे पुढे कितीतरी वर्षं सांगत, जावई कसा आहे ते मला कळायच्या आधी माझ्या नळाला कळलं. एकदा सिनेमाच्या मध्यंतरात जे बाहेर गेले ते सिनेमा संपल्यावरच परत आले. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, आणि चेहऱ्यावर असा आनंद, जणू शेवटचा प्रसंग यांनी एकट्यानेच पाहिला असावा. मुलीने विचारलं तर म्हणाले, "टाकी वाहत होती गं. कसं बसवणार होतं मला?"

गळणाऱ्या पाण्याचा त्यांना राग येत नाही. शेजारच्या खोलीत लहान मूल रडतंय आणि घरातली माणसं खुशाल गप्पा मारताहेत, असं काहीतरी त्यांना वाटतं. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या घरात नळ बंद म्हणजे बंद. थेंब नाही, पाइपची घरघर नाही, टाकीचा सुस्कारा नाही. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिसरा मजला, आणि इतकी शांतता की आलेला माणूस उगाच हळू बोलायला लागायचा. भाऊंना त्या शांततेचा केवढा अभिमान होता! पुढे तीच शांतता घराच्या मुळावर उठणार आहे, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

वहिनी रफूचं काम करतात. नवऱ्याने गळती थांबवायची आणि बायकोने भोकं बुजवायची, अशी ही जोडी. फाटलेल्या कपड्याला ठिगळ लावणारे पुष्कळ असतात, रफू वेगळं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागेतून, वहिनी एकेक धागा ओढून काढतात आणि भोकावर तो विणतात. एक धागा वरून, एक खालून, मूळ कापड जसं विणलं असेल अगदी तसं. यंत्र नाही, साचा नाही. सुई, डोळे आणि धीर, एवढ्यावर सगळं. चौकातला टेलर अवघड कपडे डोळे झाकून त्यांच्याकडे पाठवी. आतल्या खोलीत खिडकीशी वहिनींची बुटकी खुर्ची, मांडीवर कापड, आणि त्या एकदा बसल्या की घरात त्या आहेत हे विसरायला व्हायचं.

गेल्या थंडीत वहिनींना सर्दीतापाने चांगलंच आडवं केलं. ताप उतरला, सर्दी गेली, पण जाताना उजव्या कानात एक शीळ ठेवून गेली. आधी वाटलं, दोन दिवसांनी जाईल. आठवडे गेले, शीळ काही हलेना. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कान नीट तपासले, यंत्रं लावली आणि समजुतीने सांगितलं, "बाई, घाबरायचं काही कारण नाही. पण ही शीळ लगेच जाणार नाही, कदाचित राहीलही. शांत जागी बसलात की जास्त ऐकू येईल. जवळ एखादा बारीक, न थांबणारा आवाज ठेवा. त्याच्या आडोशाला ती शीळ दबते."

शांत जागी बसू नका! आणि यांचं घर तर गल्लीतलं सगळ्यात शांत घर. वहिनी खुर्चीत बसल्या, सुईत धागा ओवला, की कानात ई करून सुरू. धागे मोजता मोजता मोजणी चुकायची. वर जायचा धागा खाली जायचा. संध्याकाळपर्यंत डोकं उठायचं आणि केलेलं सगळं उसवावं लागायचं.

आवाजाचे उपाय काय कमी केले? पंखा लावला तर मांडीवरचे ओढून ठेवलेले धागे उडून कपाटाखाली गेले. रेडिओ लावला तर बोलणाऱ्याच्या शब्दांबरोबर हात चालायला लागला आणि विणीत शब्दांसारखेच खड्डे पडले. मग मुलीने फोनवर झऱ्याचा आवाज लावून दिला. पहिल्या दिवशी वहिनी खूश. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, याला जोड आहे. थोड्या थोड्या वेळाने एक ठिगळ येतं, आणि तेच पाणी पुन्हा पहिल्यापासून वाहायला लागतं." मुलीने कितीदा कान देऊन ऐकलं, तिला जोड काही सापडेना. पण जन्मभर कापडातले जोड शोधलेल्या बाईला तो एकदा सापडला आणि मग दुसरं काही ऐकूच येईना. हातातली सुई थांबवून त्या पुढच्या जोडाची वाट बघत बसायच्या.

अशात टेलरकडून दोन कपडे परत आले. रफू दिसत होतं. रफू दिसलं म्हणजे ते झालंच नाही, हे वहिनींना कुणी सांगायला नको होतं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पाठोपाठ टेलरने एक राखाडी लोकरीचा कोट पाठवला. ठिणगी पडून ऐन छातीवर भोक, जिथे बघणाऱ्याची नजर सगळ्यात आधी जाते. सोबत निरोप, की वहिनी, सोमवारपर्यंत बघा, नाही जमलं तरी मी रागावणार नाही, दुसरीकडे देईन.

"रागावणार नाही" हे वहिनींच्या फार जिव्हारी लागलं. रागावला असता तर परवडलं असतं. त्यांनी कोट घडी करून मांडीवर ठेवला आणि भाऊंना सरळ सांगितलं, "अहो, हा जमला तर जमला. नाहीतर सोमवारी त्याला सांगून टाकते, यापुढे पाठवत जाऊ नका म्हणून. माझं काम संपलं."

सुई खाली ठेवलेल्या वहिनी वायसरभाऊंनी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि त्यांना त्या पाहायच्याही नव्हत्या.

"पाण्याचाच आवाज हवा ना?" ते उठून उभे राहिले. "घरात लावायची कारंजी मिळतात. उद्या जाऊन आणू. पाण्याचं माझ्याकडे लागलं!"

शनिवारी सकाळीच दोघं बाजारात गेली. दिवे, फुलदाण्या आणि कारंजी विकणारं ते दुकान तळघरात होतं, आणि आत सगळी कारंजी एकदम चालू. धबधबा, झुळझुळ, बुडबुड, सगळ्याची खिचडी. दुकानदार ओरडूनच बोलत होता आणि वर्षानुवर्षं तसं बोलल्यामुळे त्याला आपण ओरडतोय हेही कळत नसावं.

"हे बघा साहेब, यात दिवा आहे! हे बघा, यातून धूर निघतो!"

वायसरभाऊ कशाला ऐकतात? ते गुडघ्यांवर बसून एकेका कारंज्याच्या पोटाखाली बघत होते. मोटर कशी बसवलीय, नळी कुठून काढलीय, सांधा कसला आहे. मध्येच जीभ टाळ्याला लावून च्यक् करायचे. तपासणीला आलेला कुणी अधिकारी आहे की काय, असं दुकानदाराला वाटायला लागलं.

वहिनी एका कोपऱ्यात तीन मातीच्या वाट्यांच्या कारंज्यापुढे थांबल्या होत्या. वरच्या वाटीतलं पाणी मधल्या वाटीत, मधलीतलं खालच्या, आणि पडताना चहूकडे शिंतोडे.

"हे बरं वाटतंय," त्या म्हणाल्या.

भाऊंनी खालच्या फळीवरून बोट फिरवलं. बोट ओलं. त्यांनी ते बोट वहिनींना दाखवलं, दुकानदारालाही दाखवलं. "हे कारंजं आहे का? ही तर तक्रार आहे! असलं कुणाच्या घरी दिसलं तर मी पिशवी घेऊन धावतो."

आणि त्यांनी निवड केली ती काळ्या दगडाच्या उभ्या पाटीची. वरून पाणी येतं, पाटीवरून घसरत खालच्या गोट्यांच्या ताटलीत जातं. सांधे चांगले, मोटर चांगली. वहिनींनी एकदा मातीच्या वाट्यांकडे पाहिलं. पण कपड्याच्या बाबतीत भाऊ कधी त्यांच्या मधे बोलले नव्हते, मग पाण्याच्या बाबतीत आपण का बोलावं, असा त्यांनी विचार केला असणार. "तुम्हाला पटतंय ना? मग हेच घेऊ," त्या म्हणाल्या. संसारात असला समजूतदारपणा कधीकधी फार महागात पडतो.

घरी आल्यावर वायसरभाऊंनी जो कामाचा धडाका लावला, त्याला तोड नाही. आतल्या खोलीत वहिनींच्या खुर्चीशेजारी स्टूल मांडलं, त्यावर कारंजं ठेवलं. पाणसळ ठेवून बघितली, बुडबुडा केसभर डावीकडे. पायाखाली पत्रे सारून तो मध्यावर आणला. कंपनीने बसवलेला सांधा त्यांना आवडला नाही, तो सोडवून टेप गुंडाळून पुन्हा बसवला. मोटर थरथरते म्हणून तिच्याखाली रबराची घडी घातली. पाटीच्या खालच्या कडेवरून पाणी टपकत होतं, ती कड कानशीने घासून गोल केली, म्हणजे पाणी टपकायचं सोडून दगडाला धरून उतरेल. जिथे जिथे शिंतोडा उडत होता तिथे तिथे सिलिकॉनची रेघ ओढली. शेवटी ताटलीत काठोकाठ पाणी भरलं, म्हणजे पडायला जागाच नको. मधे मुलगी दोनदा जेवायला बोलवून गेली. "आलो," म्हणायचे आणि पुन्हा पालथे.

संध्याकाळी उजेड होता तोवरच त्यांनी दोघींना बोलावलं. हात पुसत, छाती काढून बाजूला उभे राहिले. बटण दाबलं.

मुलीने थोडा वेळ वाट पाहिली. "बाबा, लावा ना."

"लावलंय!"

"चालू आहे हे?"

"हात लाव पाटीला. लाव!"

मुलीने हात लावला. ओला झाला. खरंच पाणी उतरत होतं, दगडावर काच चढवावी तसं, एकसंध, चकचकीत, आणि आवाज म्हणाल तर चकार शब्द नाही.

"एक थेंब बाहेर नाही," वायसरभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज आनंदाने चिरकला. "कान लावून बघा! मोटरसुद्धा ऐकू येत नाही. असलं काम कंपनीलाही जमणार नाही."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांनीच तिला गप्प केलं. "सुरेख झालंय हो," वहिनी म्हणाल्या. "बघत राहावंसं वाटतं." यात खोटं काही नव्हतं. आणि ज्या माणसाने दिवसभर उपाशीपोटी आपल्यासाठी घाम गाळला, त्याला त्या क्षणी दुसरं काही सांगायचं वहिनींच्या जिवावर आलं. मी म्हणतो, सांगायला हवं होतं. पण तिथे मी नव्हतो, त्या होत्या.

भाऊ बाहेरच्या खोलीत जाऊन ऐसपैस बसले. डोक्यावरून ओझं उतरलेलं. जरा डोळा लागतो न लागतो तोच त्यांचे कान टवकारले. स्वयंपाकघरात नळ चालू! बारीक धार, एकसारखी. कुणीतरी बंद करायचा विसरलं. ते तीरासारखे आत गेले, खटकन् नळ पिळला. मग वळून म्हणाले, "नळ चालू राहिला होता गं."

वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या. हातात सुई होती, आणि दुसऱ्या हातावर तो राखाडी कोट. उभ्या उभ्या, स्वयंपाकघरातल्या मिणमिणत्या उजेडात, नळाची धार सोडून त्या रफू करत होत्या. धार थांबली तशी त्यांनी सुई कोटाला टोचून ठेवली आणि मोकळ्या झालेल्या हाताचा तळवा उजव्या कानावर दाबला.

जे कारंजं वाजायला हवं म्हणून आणलं, त्याचा आवाज वायसरभाऊंनी स्वतःच्या हाताने, पाणसळ लावून, कानस घासून मारून टाकला होता. वर दिवसभर त्याचीच शेखी मिरवली होती. आणि आता बायकोने चोरून सोडलेली धारही त्यांनीच धावत येऊन बंद केली.

"मी गाढव आहे," ते म्हणाले.

"नाही हो. तुमचा हातच तसा आहे."

"पण तू बोलली का नाहीस?"

"किती खूश होतात तुम्ही." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या हसतही होत्या. "आणि दिसायला खरंच सुरेख झालंय."

भाऊंनी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं, त्यांना बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसले. मग त्यांनी एक गोष्ट विचारली, जी इतक्या महिन्यांत विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. "ती शीळ वाजते तरी कशी? मला करून दाखव."

वहिनी आधी लाजल्या. मग दात मिटून, ओठ जरासे उघडून त्यांनी बारीक आवाज काढला. ईईई. उंच, सपाट, जराही न हलणारा. भाऊंनी डोळे मिटून ऐकला. पुन्हा करायला लावला. तिसऱ्यांदा करायला लावला तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली.

"अगं, ही तर मला माहीत आहे! अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून जोराचं पाणी जातं ना, तेव्हा पाइप असाच रडतो. जुन्या इमारतींमध्ये तर हमखास. काय म्हणतेस, रात्रंदिवस हे चालू असतं तुझ्या कानात?"

"रात्रंदिवस."

"आणि तू त्यात आमचा स्वयंपाक करत होतीस," वायसरभाऊ म्हणाले आणि त्यांना हुंदका आवरेना. नळदुरुस्तीवाला माणूस मोठ्याने रडला तर त्यात वाईट काही नाही. मुलगी दारात उभी होती, तीही रडली.

रविवार उजाडला तोच खरवडण्याच्या आवाजाने. भाऊंनी सिलिकॉनच्या सगळ्या रेघा पात्याने काढल्या. पायाखालचे पत्रे काढून फेकले, मोटरखालचं रबर काढलं. ताटलीतलं पाणी अर्ध्यावर आणलं. तांब्याच्या पत्र्याचा तुकडा वाकवून त्याची बोटभर लांबीची पन्हळ केली आणि ती पाटीच्या मधोमध बसवली, म्हणजे पाणी दगड सोडून पुढे येईल आणि उघड्यावर पडेल. वहिनींना त्यांनी कारंज्याकडे पाठ करून खुर्चीत बसवलं. हातात एक जुनं लोकरीचं फडकं आणि सुई दिली. "तू काम करत राहा आणि बोलत राहा. बाकी मी बघतो."

धार पडली.

"फार जाड," वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या. "हा सुतळीचा धागा झाला. मला लोकरीचा हवाय."

भाऊंनी पन्हळ चिमटली. धार बारीक झाली.

"आता बारीक आहे, पण खोलात पडतंय. डबडब येतंय. शीळ त्याच्या वर तरंगतेय."

पाणी आणखी उतरवलं, पडतं तिथे एक चपटा गोटा ठेवला. वहिनींची सुई चालली. मग पुन्हा थांबली. "जवळ आलंय हो. पण नुसते उभे धागे आहेत. मधून शीळ डोकावते. आडवे धागे हवेत."

मुलीला काही कळेना. भाऊंना मात्र कळलं. इतकी वर्षं ज्या बाईच्या शेजारी बसून जेवले तिचं कापड त्यांना समजत होतं. एकसारखी धार झाली, आता तिच्या मधूनमधून पडणारे, नेम नसलेले थेंब हवेत. म्हणजे सांध्यातून गळायला हवं.

गळायला हवं! वायसरभाऊंनी पाना घेतला आणि वरच्या नळीचा सांधा पाव फेरा सैल केला. पहिला थेंब सांध्यावर जमला, फुगला, पडायला झाला, आणि भाऊंच्या हाताने सांधा घट्ट पिळून टाकला. त्यांना पत्ताच नाही. पुन्हा सैल केला, पुन्हा हात गेला. तिसऱ्या वेळी मुलीने त्यांचं मनगटच धरलं.

"बाबा, हात मागे!"

"अगं, मी नाही करत, तो आपोआप होतो."

"मग खिशात घाला दोन्ही हात. मी सैल करते."

वायसरभाऊ दोन्ही हात खिशात कोंबून, श्वास रोखून उभे राहिले. मुलीने पाना फिरवला. थेंब जमला, फुगला आणि पडला. टप. थोड्या वेळाने दुसरा. मग लगेच दोन. धारेच्या आवाजात ते मिसळले, कधी पुढे, कधी मागे. शिंतोडे उडाले, स्टुलावर, फरशीवर, भाऊंच्या पायांच्या अंगठ्यांवर. त्यांच्या कपाळावर घाम आला. पण हात खिशातच राहिले.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

भाऊ खिशातले हात न काढता एक पाऊल पुढे सरकले.

"अगं, कसं आहे?"

वहिनींनी मान वर केली नाही. सुई वर, खाली, वर, खाली. फडक्यावरच्या भोकाची एक बाजू बुजली होती आणि त्या दुसऱ्या बाजूला वळल्या होत्या. मुलगी काही बोलणार तोच भाऊंनी डोळे मोठे करून तिला थांबवलं. दोघं भिंतीला टेकून शाळेतल्या पोरांसारखी उभी राहिली.

बऱ्याच वेळाने वहिनींनी दाताने धागा तोडला आणि त्या वळल्या. "गेली नाहीये," त्या सावकाश म्हणाल्या. "आहे. पण शोधावी लागते." मग फडक्यावरचं बुजवलेलं भोक अंगठ्याने चाचपत हसल्या. "रफू केलंत तुम्ही. माझ्या कानाचं रफू."

वायसरभाऊंनी जन्मात किती नळ दुरुस्त केले असतील, किती टाक्या, किती पाइप. लोकांनी आभार मानले, पाठीवर थाप मारली. पण असं शाबासकीचं वाक्य त्यांना आजवर मिळालं नव्हतं. त्यांनी बाहेरच्या खोलीतून एक जाड टॉवेल आणला, स्टुलाखाली पसरला, आणि फरशीवरचे थेंब पुसायला वाकलेच होते, तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या हो. कोट द्या इकडे."

उरलेला सगळा दिवस त्या कोट घेऊन बसल्या. भाऊंना राहवेना. दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून आत डोकवायचे. कपाटातला रुमाल, खिडकीची कडी, कॅलेंडर. शेवटी वहिनी वर न बघताच खेकसल्या, "उजेड अडवू नका! चला, बाहेर व्हा." कितीतरी महिन्यांनी वहिनी कामाच्या तंद्रीत कुणावर खेकसल्या होत्या. भाऊ बाहेर आले आणि मुलीला म्हणाले, "ओरडली माझ्यावर!" एवढ्या आनंदाने, की मुलीला हसू आवरलं नाही.

सोमवारी टेलर स्वतःच आला. समजूत घालायला आलेल्या माणसासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. "वहिनी, मनाला लावून घेऊ नका," त्याने सुरुवात केली. वहिनींनी त्याच्या हातात कोट दिला. त्याने तो उलगडला, बघितला, रफूची खूण कुठेच दिसेना, आणि त्याचा चेहरा पडला. "म्हणजे घेतलाच नाहीत हातात? असू दे, असू दे." मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. कोट दारापाशी उजेडात नेला, तिरपा धरला, हात फिरवला. "अहो, मग भोक कुठंय?"

"इथेच होतं की," वहिनी म्हणाल्या आणि छातीवर बोट ठेवलं. बोट जरा सरकवलं. आणखी सरकवलं. मग त्यांनी कोट उलटा करून अस्तर बाजूला सारलं, तेव्हा कुठे आतून धाग्यांची बारीकशी टोकं हाताला लागली. आपलं रफू आपल्यालाच सापडलं नाही, याचं त्यांना एवढं हसू आलं की पदराने तोंड झाकावं लागलं. टेलरने कोट मांडीवर ठेवला आणि बराच वेळ तो नुसता मान हलवत राहिला. मी उगाच घाई केली वहिनी, असंही म्हणाला. मोकळेपणाने म्हणाला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"पुढचे कपडे पाठवू ना?"

"पाठवा," वहिनी म्हणाल्या. "आणि ते परत आलेले दोन इथेच आहेत ना, तेही उसवून पुन्हा करते."

वायसरभाऊ दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं ऐकत होते. टेलर कोट घडी करून उठला, तसा मधेच थांबला. मान वाकडी करून आतल्या खोलीच्या दिशेने त्याने कान दिला.

"भाऊ, तुमच्या घरात आणि थेंब? आत कुठेतरी गळतंय बघा."

"गळू द्या," वायसरभाऊ म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.